जाळीखालची बेचाळिसावी

रोशनी त्या दुकानात शिरली ती खरं सांगायचं तर सावलीसाठी. झेरॉक्स हे नुसतं निमित्त! मे महिन्यातला बुधवार, दुपारचे बारा, नागपूरच्या नंदनवन भागात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय—आणि गाडी नेमकी बहिणीकडे, रुचिकाकडे. दुकानात कूलर होता. वाळ्याचा ओला, गार वास होता. आणि काउंटरमागे एक मुलगा होता, जो मान वर न करताच म्हणाला, "दोन मिनिटं थांबा, मॅडम. मशीन तापली."

"मीबी तापलीच आहे," रोशनी म्हणाली. "दोघींवरही पाणी शिंपडा."

आता त्यानं मान वर केली. हसू दाबायला गेला, पण ते सुटलंच. बावीस-तेवीसचा असेल. बोटांना शाई, शर्टाच्या खिशाला शाई, आणि गालावर एक ठिपका, तोही शाईचाच. त्यानं माठातलं पाणी दिलं. रोशनी ते गटागट प्यायली, आणि पिता पिता तिची नजर भिंतीवर गेली... आणि तिथेच राहिली.

भिंतीवर एक चित्र होतं. मोठ्या ड्रॉइंग शीटवर, काळ्या शाईत. एकच रंग वापरलेला—वर पसरलेला हिरवा.

उन्हाळ्यात नागपूरच्या सिग्नलवर हिरवी जाळी बांधतात ना, तीच ती. आणि तिच्याखाली ही एवढी गर्दी! कारण सिग्नलची पांढरी रेघ राहते पुढे, पण माणसं थांबतात सावलीच्या रेघेमागे. पुढे अख्खा रस्ता मोकळा आणि मागे सगळे एकमेकांच्या काखेत शिरलेले, तसं हुबेहूब. पण हुबेहूब तरी कसं म्हणावं? कोणाचं नाक भोपळ्याएवढं, कोणाचे पाय आगपेटीच्या काड्या. एका काकूंची साडी तीन गाड्यांवर पसरलेली. एक ऑटोवाला जांभई देतोय आणि त्याच्या जांभईत मागची अख्खी सायकल दिसते!

"अय बाप्पा!" रोशनी किंचाळली. "हे तर रुपरावजी!"

रुपरावजी म्हणजे दुकानाचे मालक, अख्ख्या नंदनवनाच्या ओळखीचे. चित्रात त्यांचं पोट स्कूटरच्या हँडलवर ठेवलेलं होतं, वेगळं सामान असल्यासारखं.

"त्यांनीच लावलं भिंतीवर," मुलगा म्हणाला. "मी म्हटलं नका लावू. तर म्हणे, हेमराज, पोट माझं आहे, भिंत माझी आहे, तुझं काय जाते?"

म्हणजे नाव हेमराज. रोशनीनं ते मनात लिहून ठेवलं—कशासाठी, कोण जाणे!

ती एकेकाला मोजत गेली. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस... आणि एकेचाळिसाव्यावर तिचं बोट थबकलं.

एक स्कूटी. डावा आरसा तुटलेला, त्या जागी रिबीन बांधलेली. ती रिबीन तर तिनं स्वतःच्या हातानं बांधली होती!

गाडीवर एक मुलगी. हेल्मेट, काळा गॉगल, अंगात सनकोट, हातमोजे, तोंडाला ठिपक्यांचा स्कार्फ गच्च गुंडाळलेला. तिचं मात्र काहीच मोठं नव्हतं, काहीच वाकडं नव्हतं. सगळ्या वेड्यावाकड्या गर्दीत ती एकटी सरळ, स्वच्छ रेषेत, जणू दुसऱ्याच चित्रातून चुकून आलेली.

रोशनीनं बोट तिथेच ठेवलं. "ही... कोण?"

हेमराजनं झेरॉक्सचं झाकण उगाच उघडलं, उगाच लावलं. "आहे एक जण. रोज सव्वाअकराला सिग्नलवर येते. दुकानातून दिसते."

"हिचंच नाक काहून नाही काढलं मोठं?"

"पाहिलं असतं तर काढलं असतं. महिनाभरात तिचा एक केससुद्धा नाही दिसला मले." मग हळूच, मशीनलाच सांगत असल्यासारखं तो म्हणाला, "पन तरी कळते ना. एका दिवशी बाजूच्या गाडीवरच्या लेकराले हातवारे करून हसवते, खुद बी खांदे हलवून हलवून हसते. अन् दुसऱ्या दिवशी चूपचाप, मूर्तीसारखी. एक दिवस अशी, एक दिवस तशी. तेच तर... भल्लं आवडते."

रोशनीनं तोंड उघडलं. आणि मिटलं.

कारण गोष्ट अशी होती—ती गाडी दोघींची होती. रोशनी आणि तिची चुलत बहीण रुचिका, एकाच घरात वरखाली राहणाऱ्या. सोम-बुध-शुक्र गाडी रुचिकाची, बँकेच्या परीक्षेच्या क्लाससाठी. मंगळ-गुरू-शनी रोशनीची, कॉलेजला सुट्ट्या लागल्यावर लावलेल्या टॅलीच्या क्लाससाठी. दोघींची वेळ तीच, रस्ता तोच. आणि स्कार्फ, गॉगल, सनकोट, हातमोजे, हेल्मेट सगळं सामाईक. गाडीसोबतच राहायचं, ज्या दिवशी जिची गाडी त्या दिवशी तिच्या तोंडाला!

म्हणजे हा मुलगा एका मुलीच्या प्रेमात पडला होता... आणि ती मुलगी दोन मुली होत्या.

"काय झालं, मॅडम?"

"काही नाही," रोशनी म्हणाली. "दोन कॉपी द्या."

सांगून टाकायचं ना तेव्हाच! घरी आल्यावर तिनं स्वतःला शंभरदा विचारलं. पण सांगितलं असतं तर त्यानं पुढचा प्रश्न विचारला असता—हसणारी कोणती आणि गप्प बसणारी कोणती? आणि याचं उत्तर तिलाच ठाऊक नव्हतं. ती हसायची, हे खरं. पण पेपर खराब गेला की मूर्तीही व्हायची. रुचिकाही काही कमी हसरी नव्हती. त्याला आवडलेलं नेमकं किती तिचं आणि किती रुचिकाचं? अर्धं? पाऊण? की... काहीच नाही?

शुक्रवारी ती पुन्हा गेली. आधारकार्डाची झेरॉक्स. सोमवारी बारावीच्या मार्कशीटची. बुधवारी पुन्हा आधारकार्डाची.

"पोरी," रुपरावजी पोटावर हात ठेवून म्हणाले, "सरकारबी इतक्यांदा मागत नाही आधारकार्ड."

"हरवते जी माझं," ती म्हणाली. हेमराज मशीनकडे तोंड करून हसत होता, हे त्याच्या पाठीवरून कळत होतं.

मशीन तापली की ते दोघं चित्रासमोर उभे राहायचे आणि माणसं वाचायचे. "हा सायकलवाला कोणावर चिडला?" "बायकोवर." "नाही, बायको असती तर मान खाली राहिली असती. हा सासऱ्यावर चिडला." तो सांगायचा, त्याचं घर उमरेडचं. घरात माग होता, आजोबा आणि बाबा दोघंही विणायचे. आता माग विकला, बाबा एका गोदामात आहेत. "बाबा म्हणत, कापड पाहाचं तर उलटं करून पाहा. सुलट बाजू कोणालेबी खूश करते. गाठी मागं राहतात."

"म्हणून तू माणसांच्या गाठी काढतो का?"

'तू' कधी सुरू झालं, दोघांनाही कळलं नाही. कळलं तेव्हा दोघंही एकदमच चित्राकडे पाहायला लागले.

पण मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी... अय्यो! ती गाडीवर असायची. तोंड बांधलेलं, जाळीखाली, नव्वद सेकंदांचा लाल दिवा. दुकानाच्या दारात हेमराज उभा. काल तिच्याशी पाऊण तास बोललेला हेमराज, केसांवरून हात फिरवत, शर्ट नीट करत, तिच्याकडे असं बघायचा, असं... तसं त्यानं तिच्याकडे दुकानात कधी पाहिलं होतं का? गॉगलच्या आत रोशनीच्या डोळ्यांत पाणी यायचं. तो तिच्याकडेच बघतोय म्हणून तिला स्वतःचाच राग यायचा! आपणच आपली सवत! आणि ती सवतही पुरती आपली नाही, निम्मी रुचिका!

असं कोणाचं होतं का हो?

जून लागला. त्या सोमवारी ती पुन्हा झेरॉक्सला गेली, तेव्हा हेमराज फार गंभीर होता.

"शुक्रवारी संध्याकाळी जाळ्या काढून राहिले म्हणे. मग सिग्नलवर कोणी सावलीत थांबणार नाही, सगळे पुढं पांढऱ्या रेघेपाशी जातील, दुकानातून दिसणार नाहीत. त्याच्या आधी मले तिच्याशी बोलाचं आहे. शुक्रवारी, सव्वाअकराला."

शुक्रवार. रुचिकाचा दिवस.

"काय बोलशीन?" रोशनीचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला.

"ते... तिलेच सांगीन." आणि मग तो म्हणाला, "चित्रात एक नवीन माणूस टाकला. बेचाळिसावा. पाहा ना."

तिनं पाहिलं. गर्दीच्या कडेला, कोणत्याच गाडीवर नसलेली, पायी आलेली एक मुलगी. छातीशी कागदांचा हा एवढा गठ्ठा. केसांत एक पेन खोचलेलं, आणि तरीही ती पर्समध्ये पेन शोधतेय. नाकपुड्या फुगलेल्या. आणि दात! वरच्या ओळीतला एक दात दुसऱ्यावर चढलेला, चित्रात तो इतका पुढे आलेला की बाजूच्या मोटरसायकलवाल्यानं त्यावर हेल्मेट अडकवलं होतं.

रोशनीचा हात आपोआप तोंडावर गेला. त्या दातासाठी ती शाळेच्या एकूण एक फोटोत ओठ मिटून उभी राहिली होती. आत्ता कुठे, या वर्षी, ती तोंड भरून हसायला शिकली होती. इथेच, या दुकानात, सगळ्यात जास्त हसली होती.

"कशी वाटली?" हेमराज म्हणाला. त्याचा चेहरा असा, जसं काही तो तिला फूल देतोय.

"छान," ती म्हणाली. "भल्लं हसतील लोक."

"रोशनी, ऐक तर—"

तिनं ऐकलं नाही. झेरॉक्सचे कागदही घेतले नाहीत.

म्हणजे ती गाडीवरची—ती सरळ, स्वच्छ, सुंदर. आणि ही पायी येणारी हेल्मेट टांगायची खुंटी! चित्राचा अर्थ याहून स्पष्ट काय असतो?

गुरुवारी रात्रीचं जेवण आटोपल्यावर तिनं रुचिकाला गच्चीच्या जिन्यात गाठलं. "रुचे, उद्या गाडी मले देशीन?"

"काहून? उद्या माझी टेस्ट आहे."

"काम आहे."

रुचिकानं तिच्याकडे निरखून पाहिलं. "पोट्टा आहे का वं?"

"नाही!" आणि मग, "...हाव."

मग सगळंच सांगावं लागलं. रुचिका ऐकत गेली, ऐकत गेली आणि शेवटी जिन्यावर बसून पोट धरून हसली. "म्हणजे तो सोम-बुध-शुक्र माझ्यावर मरून राहिला अन् मले पत्ताच नाही? माय वं! मग उद्या तर मीच जाते. शुक्रवार माझा आहे."

रोशनी तिच्या खालच्या पायरीवर बसली आणि गुडघ्यांवर हनुवटी टेकवली. रुचिकाचं हसू हळूहळू ओसरलं.

"पागल," ती म्हणाली आणि किल्ली रोशनीच्या हातात ठेवली. "जा. टेस्टले मी ऑटोनं जाईन. पन एक सांग—तिथं जाऊन तू करशीन काय? स्कार्फ बांधून हो म्हणशीन, की काढून नाही म्हणशीन?"

हाच तर प्रश्न होता. रात्रभर कूस बदलूनही तो सुटला नाही.

शुक्रवारी सव्वाअकराला जाळीखाली नेहमीसारखीच गर्दी होती. घामाचा, पेट्रोलचा, कोणाच्या तरी पिशवीतल्या आंब्यांचा वास. रोशनीनं गाडी थांबवली. दिवा नुकताच लाल झालेला. नव्वद.

हेमराज दुकानातून निघाला. हातात चित्राची गुंडाळी. गाड्यांमधून वाट काढत, "भाऊ, जरा... काकू, जरा..." करत आला आणि तिच्या हँडलजवळ येऊन उभा राहिला. बहात्तर.

"नमस्कार, मॅडम. घाबरू नका. मी समोरचा झेरॉक्सवाला." त्यानं गुंडाळी या हातातून त्या हातात घेतली. "मी... दोन महिने तुम्हाले पाहून राहिलो होतो. तुम्हाले न विचारता तुमचं चित्र काढलं. माफी मागाची होती. नको असलं तर आत्ताच खोडतो, व्हाइटनर आणलं."

त्यानं खरोखरच खिशातून व्हाइटनरची बाटली काढून दाखवली. बाजूच्या स्कूटरवरच्या काकूंनी कान टवकारले. साठ.

रोशनीनं मानेनं 'नको' म्हटलं. म्हणजे खोडू नको. की बोलू नको? तिचं तिलाच कळलं नाही.

"अजून एक. आजपासून मी तुमच्याकडे नाही पाहणार."

काय?

"म्हणजे तुम्ही चांगल्याच असशान," तो घाईघाईनं म्हणाला. "पन मी तुम्हाले इतकं साफ काढलं, ते काही दिसलंच नाही म्हणून. कोऱ्या कापडावर मनानंच नक्षी मारत होतो. अन् मग दुकानात एक जण याले लागली. तिच्या हजार गोष्टी दिसतात, मॅडम! पेन डोक्यात खोचून पेन शोधते. चिडली की नाक फुगते. अन् हसली का एक दात असा पुढं येते... तो दात दिसावा म्हणून मी दिवसभर फालतू जोक पाठ करतो. तिले काढाले बसलो तर कागदच पुरेना. ज्याले इतकं पाहिलं, त्याचंच इतकं मोठं निघते ना चित्रात! मले वाटलं, तिले कळंल. तिले उलटंच कळलं. सोमवारपासून दुकानात नाही आली."

एकतीस. तीस.

रोशनीचे हात हेल्मेटच्या पट्ट्याला लागले. पट्टा निघेना. मग हातमोजे काढले, मग पट्टा निघाला. मग हेल्मेट, मग गॉगल. मग स्कार्फची पिन, आणि तिच्या खाली ती गाठ, जी रोज एका झटक्यात सुटायची आणि आज जन्मोजन्मीची घट्ट बसली होती.

"नाही, नाही, मॅडम, तोंड दाखवाची काही गरज नाही—"

अकरा. दहा. गाठ सुटली.

हेमराज बघतच राहिला. त्याच्या हातातली व्हाइटनरची बाटली खाली पडली आणि घरंगळत काकूंच्या चाकाखाली गेली.

"तू?" तो म्हणाला. "पन तू तर... ती तर... म्हणजे मी तुले सोडून... तुलेच..."

दिवा हिरवा झाला. मागून चाळीस हॉर्न एकदम वाजले. "अरे, घ्या ना बावा बाजूले!" कोणीतरी ओरडलं. "लग्नात बोलजा उरलेलं!" काकू जाता जाता म्हणाल्या, "पोरगा चांगला आहे वं. नुसता गोंधळला आहे."

दोघांनी मिळून गाडी ढकलत फुटपाथजवळ आणली. तिथे कडुलिंबाची तुटपुंजी सावली होती. रोशनीनं त्याला सगळं सांगितलं—गाडी दोघींची, वार वाटून घेतलेले, स्कार्फ एकच. हेमराज फुटपाथच्या कडेवर बसला आणि बोटं मोजायला लागला.

"एक सोम-बुध-शुक्रवाली. एक मंगळ-गुरू-शनीवाली. अन् एक दुकानातली. तीन झाल्या!"

"शेवटच्या दोघी एकच आहेत, शहाण्या."

"अन् आज शुक्रवार आहे, पन तू आहेस."

"हाव."

"मले काहीच समजून नाही राहिलं," तो अगदी मनापासून म्हणाला. "कोन हसत होतं, कोन चूप होतं..."

"मलेबी नाही समजत. कधी मी, कधी रुचिका. आता कसं वेगळं करणार?"

गर्दी ओसरली होती, पुढची गर्दी अजून जमायची होती. मग त्यानं मान वर केली. "मी तर सगळं बोलून बसलो. चुकीच्या मुलीले बोललो, पन बरोबर निघालं. तू काहीच नाही बोलली, रोशनी."

खरंच की! एवढी तोंडाळ रोशनी, जिला वर्गात गप्प बसवायला सर थकायचे... आणि आता एक शब्द सापडेना. जे शब्द आठवत होते ते सगळे दुसऱ्या कोणाचे तरी वाटत होते.

तिनं त्याच्या हातातली गुंडाळी घेतली. गाडीच्या सीटवर पसरली, एका कडेवर हेल्मेट ठेवलं, दुसरीवर कोपर. त्याच्या खिशातलं पेन काढलं. बेचाळीस माणसं होती चित्रात. ज्यानं काढलं, तोच तेवढा कुठे नव्हता.

रोशनीला चित्र अजिबात काढता येत नव्हतं. बेचाळिसाव्या मुलीच्या बाजूला तिनं एक गोल काढला, तो बटाट्यासारखा झाला. खाली दोन काड्या, ते पाय. शर्टाच्या खिशावर शाईचा डाग—तो मात्र पेन गळून आपोआप पडला. आणि मग, जीभ दाताखाली धरून, सगळं लक्ष लावून तिनं कान काढले. लाजला की चेहऱ्याआधी लाल होणारे ते दोन कान. हा एक सुपाएवढा, हा दुसरा त्याहून मोठा, थेट हिरव्या जाळीला जाऊन टेकलेला.

हेमराज वाकून बघत होता. त्याचा हात नकळत स्वतःच्या कानाकडे गेला.

"इतके मोठे आहेत का?"

"आहेत," रोशनी म्हणाली, आणि तिला हसू आवरेना, तोंड भरून, दात लपवायचं विसरून. "रोज पाहत होती मी."